‘न्हाय’मधला न

“बोनस हाय! हाय गं, हाय! घे — सुजाता, घे बोनस!”

नरडं फाटेस्तोवर एक माणूस ओरडतोय. जागा परदेशातली, छप्पर असलेलं मोठं स्टेडियम. मॅटवर मुलींच्या कबड्डीची फायनल. आणि भारताच्या बाकाजवळ दोन्ही तळव्यांचा कर्णा करून ओरडणारा तो माणूस म्हणजे मुखेड तालुक्यातल्या एका शाळेचा पीटीचा मास्तर. म्हणजे मी.

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे. मला ओळखणारे लगेच म्हणतील, मास्तरचे शंभर म्हणजे दहा धरा. नाही — या वेळी शंभर म्हणजे शंभरच, वर दोन-चार जास्त. नांदेडला सांगितली, लातूरला सांगितली, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितली, कटिंगच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना सांगितली. पण वर लिहिली आहे तशी? तशी एकदाही नाही. बायकोला नाही, भावाला नाही. पेल्यावर बसलो तरी नाही — आणि पेल्यावर मी काय काय कबूल केलंय ते विचारू नका — पण तिथंही जीभ त्या एका अक्षरापाशी आली की आपोआप शुद्धीवर यायची.

आता तुम्हाला का सांगतोय? थकलो, एवढंच. खोटं बोलून मी कधी थकलो नाही. मी त्याच्यावरच पोसलेला माणूस आहे. माझ्या गोष्टीतला नाग सात हाताचा असतो आणि माझ्या गोष्टीतला मन्याड नदीचा पूर पिंपळाच्या शेंड्याला लागतो. ती खोटी कुणाला चावत नाहीत. सांगितली, हसलो, सोडून दिली. हे मात्र सोडून देता येत नव्हतं. हे रोज उठून सांभाळावं लागायचं.

थोडं खेळाचं सांगतो, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही.

कबड्डीत एका बाजूला सात जणी. चढाईला गेलेल्या पोरीनं समोरच्या अंगणातली एक आतली रेघ ओलांडून पाय टेकवला, मागचा पाय हवेत ठेवला आणि सुखरूप परत आली, तर कुणालाही न शिवता एक गुण. तो बोनस. पण समोर कमीत कमी सहा जणी उभ्या असल्या तरच. पाचच असल्या तर त्या रेघेवर तुम्ही लेझीम खेळा, पंच तुमच्याकडं बघतसुद्धा नाही.

म्हणून बाकावरून ओरडून सांगायची पद्धत असते. चढाई करणारीचं ध्यान समोरच्यांच्या हातापायांवर. डोकी मोजायचं काम बाहेरच्याचं. आमच्या शाळेच्या मातीत हे काम वर्षानुवर्षं माझं. माझे दोनच मंत्र: ‘बोनस हाय’ आणि ‘बोनस न्हाय’. सुजाता सहावीत असल्यापासून हे दोन मंत्र ऐकत वाढली. मी हाय म्हणलो की तिचा पाय जायचा. मध्ये विचार यायचाच नाही. सुरुवाती-सुरुवातीला ती जाता जाता डोळ्यांनी मोजायला बघायची, त्यात अर्धा क्षण जायचा आणि पकड व्हायची. मीच एकदा तिच्या वेणीला हिसका देऊन सांगितलं होतं, “तू मोजत बसू नको गं. मोजायला मी हाय.”

हे वाक्य माझं आहे. हे कुणाच्या डोक्यावर टाकता येत नाही.

सुजाता आमच्या गावची. बाप गौतम, तहसील कचेरीत शिपाई. घर बौद्ध वस्तीतलं शेवटचं, मागं ज्वारीचं रान. रोज पहाटे त्या रानाच्या बांधावरून पळत ग्राउंडवर यायची, आणि पाय असा की उडत्या चिमणीला शिवून परत यावं. बरं, चिमणीला नाही. कोंबडीला तर नक्कीच — ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तालुका झाला, जिल्हा झाला, राज्य झालं, आणि सतराव्या वर्षी ही पोरगी इंडियाच्या जर्सीत जाऊन बसली. आशियातल्या पोरापोरींच्या खेळांची मोठी स्पर्धा होती. सगळे खेळ एकाच गावात, आणि आपल्या देशाचं भलं मोठं पथक. माझी वर्णी सहायक प्रशिक्षक म्हणून लागली. सगळीकडं मी सांगत आलो की मी सुजाताला इंडियात नेलं. खरं उलटं आहे. ती ज्याच्या हाताखाली तयार झाली तो मास्तर सोबत असू द्या, असं कुणीतरी वर म्हणालं, म्हणून मला विमान दिसलं. तिनं मला नेलं.

त्या स्पर्धेत आपली पोरं बरी चालली होती. कुस्तीत, बॉक्सिंगमध्ये, पळण्यात रोज कुणीतरी पदक घेऊन यायचं, जेवणघरात टाळ्या पडायच्या. पण कबड्डीचं वेगळं असतं. बाकी खेळात पदक आणलं की पेढे. कबड्डीत सोनं सोडून दुसरं काही आणलं तर तोंड लपवा. कबड्डी आपली. ती हरायची नसते. पथकातले सगळे आमच्या मुलींकडं बघून म्हणायचे, तुमचं सोनं तर धरलेलंच आहे.

आणि फायनलच्या शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं मागं.

सुजाता गेली. समोरची डाव्या कोपऱ्यातली पोरगी घसरली होती, तिचा एक गुडघा मॅटवर होता. सुजाताचा हात तिच्याकडं निघाला होता. निघाला होता हो — आमच्याच एका राखीव पोरीच्या फोनमधल्या चित्रीकरणात दिसतं, हात आणि त्या पोरीचा खांदा यांच्यात वीतभर अंतर. शिवली असती तर बरोबरी, आणि पुढं जादा वेळेत आम्ही त्यांना चावून खाल्लं असतं.

तेवढ्यात मी ओरडलो.

हात मागं आला. पाय रेघेकडं गेला. आणि काय बोनस घेतला म्हणता! मागचा पाय हवेत, अंग वाकलेलं, जशी काही हवेनंच धरून ठेवली. फिरली, दोन उड्यांत मध्यरेषा, दोन्ही हात वर. माझ्याकडं बघून हसत होती. पंचानं मान हलवली. समोर पाचच होत्या.

एका गुणानं देशाचं सोनं गेलं. हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं. कुणीतरी काढून घ्यायला विसरल्यासारखं.

चुकून मोजलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. आधीच्या चढाईत बाद झालेली त्यांची एक पोरगी अजून मॅटच्या कडेनं चालत होती, ती मी सहावी धरली — अशी माझी माझ्यापुरती हकिकत होती. माणूस आहे, चुकतो. चुकतो की नाही?

पण आता सांगायलाच बसलोय तर सगळं सांगतो. मी मोजलंच नव्हतं.

त्या स्टेडियमात छताखाली एक मोठा पडदा होता. त्याच्यावर कधी खेळ दाखवायचे, कधी प्रेक्षक, कधी बाकावरची माणसं. शेवटच्या चढाईच्या आधी त्यावर कोण आलं असेल? मी. मुखेडच्या बाजारात ज्यानं दोन वेळा हाक मारल्याशिवाय भेंडीवालीसुद्धा वळून बघत नाही, तो मी, चार मजली उंच. माझ्या मिशा म्हशीएवढ्या. मी बघत राहिलो. टोपी नीट केली. खरं सांगतो, टोपी नीट केली. मग पडद्यावरून मी गेलो आणि सुजाता आली, तेव्हा मला आठवलं की खेळ चालू आहे, आणि काहीतरी ओरडायचं असतं. आणि त्या दोनांतलं जे तोंडात आलं ते ओरडलो.

इथपर्यंत चूक. इथपर्यंत असतं तर मी आज लिहीत बसलो नसतो.

हॉटेलवर मीटिंग झाली. मुख्य प्रशिक्षक हरियाणाच्या एक मॅडम होत्या, आवाज ट्रॅक्टरसारखा, पण बाई न्यायाची. बारा पोरी भिंतीला टेकून खाली बसलेल्या, कुणी रडतंय, कुणी गुडघ्याला बर्फ लावतंय. मॅडमनी मला विचारलं, “मास्टरजी, आपने क्या बोला था?”

किती वेळ असतो माणसाला अशा वेळी? एक श्वास. त्या एका श्वासात मला कळलं की या खोलीत माझी भाषा समजणारं फक्त एकच माणूस आहे. बाकी पोरी हरियाणाच्या, हिमाचलच्या, तमिळनाडूच्या. मी काय ओरडलो ते ऐकलं सगळ्यांनी असेल, समजलं एकटीला.

“मैंने बोला — बोनस न्हाय,” मी म्हणालो.

आणि मग, मॅडम, हमारे यहाँ ‘नहीं’ को ‘न्हाय’ बोलते हैं, और ‘है’ को ‘हाय’ बोलते हैं, इतने शोर में बच्ची को आधा ही सुनाई दिया, ‘न’ गिर गया... असं समजावून सांगायला लागलो. हाताने ‘न’ पडलेला दाखवला. किती बेमालूम होतं बघा! माझ्या उभ्या आयुष्यात मी सात हाताचे नाग सांगितले, पण याच्या तोडीचं एकही नाही. याला पुरावा लागत नव्हता. फोनमधलं चित्रीकरण लावलं तर शिट्टीच्या आवाजात नुसतं “...आय! ...आय!” ऐकू यायचं. ‘हाय’चं शेपूटही तेच, ‘न्हाय’चं शेपूटही तेच.

मॅडम सुजाताकडं वळल्या. “तूने क्या सुना?”

सुजातानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

“मला हाय ऐकू आलं,” ती मराठीतच बोलली, आणि मग हळू, “पण सर म्हणायलेत तर न्हायच असंल. माझ्याच ऐकण्यात आलं न्हाई.”

मी ते मॅडमना हिंदीत करून सांगितलं. तिच्या तोंडचं माझ्या बाजूचं वाक्य मीच भाषांतर करून दिलं.

तिला भांडता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. कुणाशी? आमची गावात जमीन, आमचं गावात आडनाव. तिचा बाप आजसुद्धा माझ्या ओसरीवर खुर्ची दिली तर तिच्या टोकावर बसतो. तिचा शब्द आणि माझा शब्द समोरासमोर आले तर कुणाचा उभा राहील, हे मला त्या परमुलुखात, सातव्या मजल्यावर, गालिच्यावर उभं राहून नेमकं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो. दुसरी एखादी असती — मॅडमच्या गावची, कुणा बड्या घरची — तर बोललो असतो का? मला नाही वाटत.

नांदेडला उतरलो तेव्हा स्टेशनवर हलगी होती, हार होते. चांदी तर चांदी, आपल्या भागाची पोरगी देशाकडून खेळून आली होती. गाडीत बसता बसता कुणीतरी विचारलं, मास्तर, झालं कसं? तिथं हार गळ्यात असतानाच मी पहिल्यांदा गोष्ट सांगितली. दुसऱ्यांदा मुखेडच्या चौकात सांगितली. तिसऱ्या वेळी त्यात विनोद आला. लोक हसले. मी गोष्ट सांगणारा माणूस — लोक हसले की माझं थांबत नाही. चौथ्या वेळेपासून स्टेडियमात पन्नास हजार माणसं बसायला लागली आणि समोरच्या संघातली पोरगी देवणीच्या वळूएवढी झाली. “एवढ्या गोंधळात म्या ओरडलो — बोनस न्हाऽऽय! आन् आमच्या पोरीनं ऐकलं काय? हाऽऽय! एका ‘न’नं देशाचं सोनं नेलं बघा!” टाळ्या. शाल. नारळ. पुढचं आमंत्रण.

सुजाताला काय मिळालं? मुखेडच्या आठवडी बाजारात भाजीवाली तिला म्हणायची, “वांगं न्हाय म्हणले गं मी, न्हाय! नीट ऐक, न्हाईतर टोपलं घेऊन जाशील!” पोरं तिच्या सायकलमागं “हाय का न्हाय? हाय का न्हाय?” ओरडत पळायची. तीही हसायची. आधी जरा जास्तच हसायची.

मग तिच्या बापानं मला गाठलं. “सर, कानाचं एकदा दाखवून घ्यावं म्हणतो. तुमची वळख असंल लातूरला.”

इथं सांगायला पाहिजे होतं की नाही? बाप समोर उभा आहे, टोपी हातात आहे, पोरीचे कान तपासायला निघाला आहे. मी काय केलं? मी म्हणालो, “हाव, दाखवूच एकदा. मीबी येतो.” गेलो. खिडकीजवळची जागा घेऊन गेलो.

लातूरच्या त्या दवाखान्यात काचेची एक खोली होती. सुजाताला आत बसवलं, कानावर यंत्र चढवलं, हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर मी आणि गौतम. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. नुसतं दिसत होतं. ती डोळे मिटून बसलेली, आणि अंगठा दाबायची. दाबायची. पुन्हा दाबायची. आपल्या कानात काहीतरी बिघाड सापडू दे, अशी ती आत बसून मनात विनवणी करून राहिली होती, हे मला काचेबाहेरून वाचता येत होतं. बिघाड निघाला असता तर सुटली असती.

डॉक्टर म्हणाले, “काही दोष नाही. लाखात एखादे असतात असे कान.” मोठ्या खुशीत म्हणाले.

परतीच्या गाडीनं उदगीर ओलांडलं. मग गौतम, खिडकीतून बाहेर बघत, रागानं नाही, नुसता थकून म्हणाला, “कान तर बराबर हायत. मग ध्यान कुठं होतं गं तुझं?”

दोघांच्या मधल्या शिटवर मी होतो.

पुढच्या शिबिराचं बोलावणं तिला आलं नाही. त्याच्या पुढच्याही. एक-दोन वर्षं ती पहाटे ग्राउंडवर येत राहिली, पण आता ती चढाईला जाताना थांबायची. बाकाकडून ‘हाय’ ऐकू आलं तरी वळून विचारायची — “हाय म्हणलाव का?” कबड्डीत कुणी असं विचारून चढाई करतं? तेवढ्यात तिच्या अंगावर चार जणी पडायच्या. एका सकाळी आली नाही. नांदेडला नर्सिंगला गेली म्हणून कळलं. बरं झालं, असं मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, चारचौघांत. पोरीचं भलं झालं, आपल्या हाताखालची पोरगी मार्गाला लागली.

आणि गोष्ट सांगत राहिलो. रिटायर झालो तरी सांगत राहिलो. उलट वेळ जास्त मिळाला. किल्लारीला एका कार्यक्रमात सांगितली तेव्हा तर मी शेवटी उपदेशही जोडला — “लेकरांनो, अर्धा शब्द कधी ऐकू नका!” तो उपदेश एवढा गाजला की पुढं लोक त्याच्यासाठीच बोलवायला लागले.

गेल्या हिवाळ्यात देवणी तालुक्यातल्या एका शाळेनं बोलावलं. स्टेजवर बसलो, हार घातला, दिवा लावला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, आज एक खास गंमत आहे. आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर स्वतः त्या टीममध्ये होत्या. आणि पहिल्या रांगेत सुजाता उभी राहिली. पांढरा कोट, केस आखूड कापलेले, अंगानं भरलेली. हात जोडले. बसली.

तुम्ही काय केलं असतं? घसा बसलाय म्हणाला असता. दुसरी गोष्ट सांगितली असती — माझ्याकडं कमी आहेत का! नाग आहे, पूर आहे. पण समोर तीनशे पोरं-पोरी, आणि बाईंनी नेमकी तीच गोष्ट मागितलेली. माझ्या तोंडाला तिची सवय झालेली. सुरुवात झाली आणि गाडी उताराला लागली. पन्नास हजार माणसं आली. देवणीचा वळू आला, तर देवणीच्या मुलांनी एकच गलका केला. मग तो ‘न’ आला. मी हवेतून तो ‘न’ पडलेला दाखवला, जसा त्या दिवशी मॅडमना दाखवला होता. सगळं सभागृह हसलं.

तिनंही टाळी वाजवली. तोंडावर काही नाही. राग नाही, दुःख नाही. लग्नात आंदण वाचून दाखवतात तेव्हा लोक वाजवतात तशी टाळी.

त्या टाळीनंतर माझं काहीतरी संपलं. घरी येऊन मी आमंत्रणं बंद केली. प्रकृतीचं कारण सांगितलं — ते खोटं होतं, पण ते मला जमतं. ज्याला ती टाळी मिळालेली आहे त्यानं आता कुणाला काय सांगावं? दोन महिने तसेच गेले. मग एक दिवस सकाळची गाडी धरली, उदगीरला बदलली, आणि तिच्या आरोग्य केंद्रावर जाऊन उभा राहिलो. मुखेडात दवाखाने नाहीत का? रांगेत बाळं घेतलेल्या बाया, काठी टेकलेले म्हातारे. मीही रांगेत. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलेलं — बीपी बघायला आलो.

माझा नंबर आला. तिनं वर पाहिलं. “या, सर. बसा. बाही वर करा.”

पट्टा दंडाला गुंडाळला. दोन्ही कानांत नळ्या घातल्या, आणि हातानं फुगवायला लागली. आणि मी — ऐका, कारण हेही लपवायचं नाही — मी नेमकी तीच वेळ निवडली. नळ्या तिच्या कानात असताना. आठ वर्षांनी तोंड उघडलं ते अशा क्षणी, जेव्हा तिला ऐकू येणार नाही याची मला पक्की खात्री होती.

“सुजाता, मी हाय म्हणलो होतो,” मी म्हणालो.

तिनं तळहात दाखवून मला गप्प केलं. पट्ट्यातली हवा सोडली. नळ्या काढल्या. “बोलू नका, सर. बोललं की आकडा चुकतंय. परत घ्यावं लागंल.”

तिनं परत घेतलं. मागं रांगेत कुणाचं तरी लेकरू रडत होतं. हवा हळूहळू निघून गेली. तिनं नळ्या काढून गळ्यात टाकल्या, रजिस्टर पुढं ओढलं, पेन उघडलं. आता कानात काही नव्हतं. आता मला पळायला जागा नव्हती, म्हणून बोललो, धाडस आलं म्हणून नाही.

“सुजाता, त्या दिवशी मी ‘बोनस हाय’ म्हणालो. ‘न्हाय’ मी म्हणालोच नाही. तू ऐकलंस ते बराबर होतं. मी डोकी मोजली नव्हती. पडद्यावर मी दिसत होतो, तिकडं बघत होतो. आणि नंतर मॅडमपुढं खोटं बोललो. तुझ्या बापापुढंही. सगळ्यांपुढं. देवणीला तू समोर असताना पण.”

एवढं मी बोललो. याच्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही. ‘माफ कर’ म्हणालो नाही. तो शब्द तोंडाशी आला होता, पण तो मागणं झालं असतं, आणि त्या पोरीकडं मागायचं माझं काय उरलं होतं?

ती माझ्याकडं बघत होती. किती वेळ, ते मी वाढवून सांगू शकतो, पण सांगत नाही. मग तिनं मान खाली घालून रजिस्टरात माझं नाव लिहिलं, वय विचारलं नाही, अंदाजानं टाकलं. नावापुढं आकडा लिहिला. पट्ट्याची गुंडाळी केली.

“एकशेसाठ बाय शंभर,” ती म्हणाली. “मीठ कमी खावा.”